पट्टी बदलली की गिटार का बदलते?

भजनाला बसलेल्या बुवांना पट्टी विचारली की 'काळी एक' किंवा 'पांढरी चार' एवढंच उत्तर येतं, आणि पेटीवाला बोटं टाकून मोकळा होतो. गळ्याला झेपेल ती पट्टी! डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, समोरच्या बुवांनी वेगळी पट्टी धरली म्हणून गजराचा रंग बदलला, असं कुणी म्हणत नाही. पेटीत प्रत्येक सुराला स्वतःचं रीड असतं आणि भाता सगळ्यांना सारखीच हवा पुरवतो.

क्लासिकल गिटारचं गणित वेगळं आहे. तिच्या सहा मोकळ्या तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनं करते, सगळ्यात बारीक ३३०. ई मायनरच्या, म्हणजे ई ला सा धरून आसावरीच्या सुरांत चालणाऱ्या सुरावटीत या सहाही तारा बसतात. तीच रचना अर्धा सूर खाली, ई फ्लॅट मायनरमध्ये नेली, तर सहांपैकी फक्त बी उरते. कागदावर फरक अर्ध्या सुराचा, कानाला मात्र वाद्यावर कुणी जाड चादर टाकल्यासारखं वाटतं.

कारण डोळ्यांनी बघता येतं. कागदाचा बारीक तुकडा दुमडून सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर (तारा बारीककडून मोजतात) पाचव्या पडद्याच्या वर टांगा. आता चौथी (डी) तार दुसऱ्या पडद्यावर दाबून छेडा. तिथे १६५ कंपनांचा सूर निघतो, म्हणजे सहाव्या तारेच्या बरोबर दुप्पट. सहावीला हातही न लावता कागद थरथरू लागतो. तोच कागद बाराव्या पडद्यावर, तारेच्या मध्यावर ठेवा. तो जवळजवळ गप्प बसतो, कारण तार दोन भागांत हलते आहे आणि मध्य तेवढा स्थिर आहे. मोकळ्या तारा अशा न छेडताच साथ देतात. तंबोरा ऐकलेल्या कानाला हे नवीन नाही. ई फ्लॅटमध्ये ही साथच तुटते, शिवाय जवळपास प्रत्येक सूर दाबून काढावा लागतो. इटालियन संगीतकार मारिओ कास्तेलनुओवो-तेदेस्को यांनी १९६२ मध्ये दोन गिटारींसाठी सगळ्या, म्हणजे १२ मेजर आणि १२ मायनर अशा २४ पट्ट्यांत प्रिल्यूड (सुरुवातीचा छोटा तुकडा) आणि फ्यूग (एकच चाल एकामागून एक आवाजांत येते ती रचना) लिहिले. वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताचं काय होत असेल, याचा अंदाज करावा!

मग भाव पट्टीतच असतो का? मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे उदास, हे शाळकरी सूत्र मला अर्धवट वाटतं. (मेजरचे सूर म्हणजे आपला बिलावल थाट, नॅचरल मायनरचे आसावरी.) अमेरिकेत केट हेव्हनर या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९३०च्या दशकात एकाच रचनेची लय, पट्टीची जात (मेजर की मायनर), उंची असं एकेक अंग बदलून श्रोत्यांना विशेषणं निवडायला लावली. सगळ्यात मोठा परिणाम निघाला लयीचा. मेजर-मायनर त्याच्या मागे.

गिटारवर संथ लय मुळातच अवघड. व्हायोलिनचा गज सूर ओढत राहतो. इथे तार एकदा छेडली की सूर विझायलाच लागतो, आणि वरचे सूर लवकर विझतात. दोन गिटारी असल्या की वाट निघते. एकीने लांब सुरांची चाल धरायची, दुसरीने खाली सुटे सूर पेरत राहायचं, म्हणजे मधली पोकळी कळत नाही.

पण संथ लयीत दुसरंच संकट उभं राहतं. एकीची तार ३३० कंपनांची, दुसरीची ३२९ची असेल, तर दोन्ही मिळून आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. जलद चालीत एक सूर सेकंदाच्या आठव्या भागात संपतो. हे हेलकावे ऐकू यायला वेळच मिळत नाही. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत चार मात्रांचा सूर चार सेकंद टिकवायचा म्हटलं, की चार हेलकावे मोजून घ्या. दोन्हीकडे त्याच नायलॉनच्या तारा, तीच माणसं, तीच रचना. वाजवण्यात चूक नसतानाही शांत भावाचा तुकडा अस्वस्थ वाटतो.

कोकणात हे जुलैत फार जाणवतं. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, आणि गिटारला मानवते ४५ ते ५५. गिटारच्या पाठीला आणि बाजूंना शिसव वापरतात (सह्याद्रीतल्या शिसवीला जगभरचे गिटार बनवणारे ओळखतात), पण वरची फळी स्प्रूस किंवा सिडारची, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाड. ती ओल पिऊन रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, तारा उचलल्या जातात आणि कंपनांची ऊर्जा लाकडातच जास्त जिरते. आवाज दबतो, सूर आणखी लवकर विझतो. नायलॉनही पाणी शोषतं. दोन गिटारी हे सगळं सारख्या प्रमाणात करत नाहीत, तिथेच जोडी फिसकटते.

पावसाळ्यात जोडीने वाजवणाऱ्यांनी दोन्ही वाद्यं आदल्या रात्रीपासून एकाच खोलीत, गिटारच्या केसमध्ये सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या) टाकून ठेवावीत. एसी हॉल असेल तर तासभर आधी तिथे न्यावीत, मगच लावायला बसावं. ट्यूनरवर आपापली गिटार लावून थांबू नये. शेवटी दोघांनी तीच तार एकदम छेडून हेलकावे संपेपर्यंत खुंटी फिरवावी. आणि कार्यक्रमाची सुरुवात संथ तुकड्याने करू नये, एखादा चपळ ई मायनर घ्यावा.