आधी कपाटात, मग लोकांसमोर : अमेरिकेतल्या मालमत्ता-विवरणपत्रांची पार्श्वभूमी

जानेवारी १९५३. नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संरक्षणमंत्रिपदासाठी निवडलेले चार्ल्स विल्सन सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, समितीसमोर बसले होते. ते जनरल मोटर्सचे प्रमुख. कंपनीचे सुमारे २५ लाख डॉलरचे शेअर त्यांच्याकडे होते आणि लष्कराची मोठमोठी कंत्राटे याच कंपनीकडे जात होती. शेअर विकायला ते आधी राजी नव्हते. समिती अडून बसली, तेव्हा विकायची तयारी दाखवली आणि नियुक्ती मंजूर झाली. पण हे सगळे सदस्यांनी खोदून विचारले म्हणून झाले. मालमत्ता लिहून देण्याची कायदेशीर सक्ती नव्हती. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९५१ मध्ये काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, तसा कायदा मागितला होता, तो झालाच नाही.

१९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या आदेशाने वरिष्ठ अधिकारी विवरण भरू लागले, मात्र ते गोपनीय. ज्यांच्या पैशावर सरकार चालते त्यांनाच ते पाहता येत नव्हते.

वॉटरगेटने, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी दडपण्याच्या प्रकरणाने, हे बदलले. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन पायउतार झाले आणि २६ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी शासकीय नीतिमत्तेच्या कायद्यावर सही केली. नाव सिनेटकडे गेले की पाच दिवसांत विवरणपत्र, पुढे दरवर्षी १५ मेपर्यंत, पद सोडल्यावर आणखी एक. आणि ही विवरणपत्रे कोणालाही मागता येतील. माझ्या मते खरे वळण हेच. छाननीसाठी नीतिमत्ता कार्यालयही याच कायद्याने आले.

विवरणपत्रात नेमकी रक्कम नसते, टप्पा असतो : १,००१ ते १५,००० डॉलर, १५,००१ ते ५०,०००, असे वर चढत जाणारे. हेतू श्रीमंती मोजण्याचा नाही, हितसंबंध कुठे गुंतलेत ते दिसावे हा आहे, म्हणून टप्पे मला पटतात. पण जोडीदाराच्या एकट्याच्या नावावरचे शेअर दहा लाखांवर गेले की पुढे सगळ्यांना एकच रकाना. तिथे दहा लाख आणि दहा कोटी सारखेच दिसतात. हे मला खटकते.

२०१२ च्या कायद्याने १,००० डॉलरवरील शेअरव्यवहार जास्तीत जास्त ४५ दिवसांत कळवणे बंधनकारक झाले. हजारो वरिष्ठ कर्मचाऱ्यांची विवरणपत्रे इंटरनेटवर टाकायचेही ठरले होते. सुरक्षेचे कारण देऊन एप्रिल २०१३ मध्ये काँग्रेसने ती तरतूद मागे घेतली. त्यांची विवरणपत्रे आजही अर्ज करून मिळतात. अर्जदाराला मात्र त्यात आपले नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहावा लागतो.