कापलेली दरड तरण्या-म्हाताऱ्या पावसात का सुटते?

जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाकडे निघालं की रस्त्यासाठी कापलेल्या लाल मातीच्या उभ्या बाजू लागतात. मे महिन्यात त्या इतक्या ताठ असतात की जेसीबीच्या दातांचे ओरखडेही जसेच्या तसे. तो ताठपणा बघूनच लोक घरामागचा चढ उभा कापून गाडी लावायला जागा काढतात. पण यातला बराचसा जोर मातीचा नसतोच, तिच्यात अडकलेल्या पाण्याचा असतो.

पावसाळ्याआधी मातीच्या फटींत हवा जास्त, पाणी थोडं. ते पाणी कणांच्या सांध्यात बसून पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे ओढून धरतं. दोन ओल्या काचा चिकटल्या की ओढून सुटत नाहीत, बादलीत बुडवल्या की सुटतात, तसंच हे. फट जितकी बारीक तितकी ओढ मोठी. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या त्रिज्येच्या फटीत ती सुमारे १४४ किलोपास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ दीडपट! ही ओढ वेगळी धरून मातीची ताकद काढायचं सूत्र मातीच्या ताकदीचे अभ्यासक फ्रेडलंड आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडलं.

समजा, ओढीमुळे मातीला १० किलोपास्कल चिकटपणा मिळाला. घर्षणकोन (कण एकमेकांवर घासून किती अडतात त्याचं माप) ३० अंश आणि घनमीटरला १८ किलोन्यूटन वजन धरलं, तर कागदावर पावणेचार मीटरहून थोडा जास्त उभा काप टिकतो. ओढ गेली आणि मातीचा स्वतःचा चिकटपणा नसेल, तर ही उंची शून्य. कठीण जांभ्याची गोष्ट वेगळी: त्याचे कण लोहाच्या संयुगांनी सांधलेले असतात, म्हणून चिरेखाणीच्या भिंती उभ्या राहतात. धोका त्याखालच्या मऊ मातीचा.

मृगाच्या सरींत काप सहसा तग धरतो, कारण कोरड्या मातीत पाणी हळू उतरतं. मग पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस उघडीप न देता लागला की ओल खाली खाली सरकते, ओढ मरते, आणि वरचा मीटर-दोन मीटरचा थर घसरतो. उन्हाळी भेगा असतील तर पाण्याला आयतीच वाट. ‘दोन पावसाळे काढले, आता काय होतंय’ हा हिशेब म्हणूनच फसवा. ते दोन्ही पावसाळे उघडीप देणारे असू शकतात.

पैसा असला की लोक आधी भिंत बांधतात, आणि तिला पाणी जायला भोकंच ठेवत नाहीत. मागे पाणी तुंबलं की आता ते भिंतीलाच ढकलतं. त्यापेक्षा आधी कापाच्या माथ्यावर चर खणावा, भेगा चिकणमातीनं ठासून बुजवाव्यात आणि पागोळ्यांचं पाणी दुसरीकडे काढावं.