मलम कोणतं, हा शेवटचा प्रश्न

घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर, न भरणारी जखम. दुकानाच्या काउंटरमागे किंवा दादरच्या फुलबाजारात दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांत ती हमखास दिसते. मलमं बदलून झालेली असतात, अँटिबायोटिकचे कोर्सही झालेले असतात. पायाचा रक्तपुरवठा मात्र कुणी मोजलेला नसतो, आणि उपचाराची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

चार ते सहा आठवड्यांत जखम भरायची चिन्हं दिसली नाहीत, तर तिला जुनाट धरतात. मग रुग्णाला दहा मिनिटं आडवं झोपवून दोन्ही दंडांचा वरचा रक्तदाब घ्यायचा आणि त्यातला जास्त आकडा धरायचा. त्यानंतर घोट्याच्या वर पट्टा बांधून पावलावरच्या आणि घोट्यामागच्या धमनीचा दाब हातात धरायच्या डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह आवाजातून ऐकवणाऱ्या यंत्राने, मोजायचा. इथेही जास्त आकडाच घ्यायचा. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. दंडात १४० आणि घोट्यात १३३ असेल तर उत्तर ०.९५, म्हणजे धमन्या ठीक. घोट्यात ७० असेल तर ०.५, म्हणजे पायाला रक्तच पुरत नाही.

या एका भागाकारावर पुढचं सगळं ठरतं. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त पायात साचतं, सूज येते, पाणी झिरपत राहतं. अशा जखमेचा मुख्य उपचार म्हणजे घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर (रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मापातला) दाब देणारी पट्टी. वर लावायचं मलम दुय्यम. भागाकार ०.८ ते १.३ असेल तर ही पट्टी बांधता येते. ०.५ च्या खाली तीच पट्टी पाय गमवायला लावू शकते, तिथे आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचं. मधल्या आकड्यांत दाब कमी ठेवायचा, तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

मधुमेहात हा आकडा फसवतो. धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत आणि उत्तर १.४ वगैरे येतं. ते चांगलं समजून सोडून देऊ नये. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. तो ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर तातडीने रक्तपुरवठा सुधारायला हवा.

तळव्यावरच्या जखमेत संवेदना तपासायच्या. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉन तंतू तो वाकेपर्यंत टेकवायचा, तेही घट्टा नसलेल्या जागी. तो जाणवला नाही तर रुग्ण दुखण्याविना त्याच जखमेवर चालत राहतो, स्टेशनचे जिने चढतो, लोकलमध्ये तासभर उभा राहतो. गुडघ्यापर्यंतचं खास प्लास्टर घालून तो भार काढावा लागतो. चपलेत मऊ गादी घालून भागत नाही. कुष्ठरोगातल्या तळव्याच्या जखमांचंही असंच असतं, वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ रुग्णालयाच्या या शहराला त्या नव्या नाहीत.

हे झाल्यावर जखमेकडे वळायचं. जंतू प्रत्येक जुनाट जखमेत असतात, म्हणून नुसत्या स्वॅबच्या (जखमेवरून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्याच्या) रिपोर्टवर अँटिबायोटिक देणं चूक. पसरणारी लाली, ऊब, सूज, वाढलेलं दुखणं, पू ही लक्षणं हवीत. स्वॅब घ्यायचाच तर आधी सलाइनने जखम धुऊन घ्यावा, नाहीतर वरवरचेच जंतू सापडतात. धातूची सळई जखमेत घातल्यावर हाडाला टेकली तर हाडातल्या संसर्गाचा संशय घेऊन एक्स-रे काढायचा. मेलेलं मांस काढतात, पण रक्तपुरवठा नसलेल्या पायावरची कोरडी काळी खपली तशीच कोरडी ठेवायची. ड्रेसिंगची निवड आत्ता होते: फार पाझरत असेल तर पाणी शोषणारं फोम किंवा अल्जिनेट, कोरडी असेल तर ओलावा देणारं हायड्रोजेल.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून उघड्या जखमेनिशी जावं लागलं, तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) वाट न पाहता २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना गाठून डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकबद्दल विचारावं.

दर आठवड्याला लांबी-रुंदी टिपायची. ४ बाय ३ सेंटिमीटरची जखम ३ बाय २ झाली तर नजरेला फारसा फरक वाटत नाही, पण १२ चं क्षेत्र ६ वर आलेलं असतं. मधुमेही पायाची जखम चार आठवड्यांत निम्मी झाली नाही, तर तोच उपचार रेटत न बसता रक्तपुरवठा, भार आणि संसर्ग पुन्हा तपासायचे. आणि कोणत्याही जुनाट जखमेची कड उंचावलेली, गाठीसारखी दिसत असेल, तर कडेचा तुकडा बायोप्सीला पाठवायचा. वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत कर्करोग होऊ शकतो.