बाराची स्प्रिंग सातापेक्षा मऊ कशी?

भाच्याने महिन्याभरापूर्वी सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३२०डी घेतली, एफ३० पिढीतली, डिझेल, पांढरी, आणि गाडी दारात येऊन आठवडा व्हायच्या आत रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज. "मामा, कॉइलओव्हर बघतोय. पुढे ७ केजी, मागे १२ केजी असं लिहिलंय. पुढचं ठीक वाटतंय पण मागे १२ म्हणजे आईला मागे बसवलं तर ती परत कधी गाडीत बसणार नाही ना?"

मी लिहिलं, मागचं बारा राहू दे, पुढचं सात बदल.

"मामा, उलटं लिहिलंत का?"

उलटं नव्हतं लिहिलं. पण हे व्हॉट्सॅपवर समजावणं अवघड म्हणून इथे लिहितोय, कारण हाच गोंधळ गाडीवाल्या दहापैकी नऊ जणांच्या डोक्यात असतो.

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा सेट, ज्याने गाडीची उंची कमीजास्त करता येते. त्यातलं केजी म्हणजे काय ते आधी. ७ केजीची स्प्रिंग म्हणजे ७ किलो ठेवले की १ मिलिमीटर दबते, १४ ठेवले की २. आकडा मोठा तितकी स्प्रिंग कडक, इथपर्यंत भाचा बरोबरच आहे. घोळ पुढे होतो, कारण आपण चाकावर बसतो, स्प्रिंगवर नाही, आणि स्प्रिंग चाकाच्या डोक्यावरच असेल असं काही नाही.

या गाडीच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअपच्या नळीभोवतीच स्प्रिंग, चाकाच्या अगदी शेजारी. खरा कॉइलओव्हर तो, शॉकअपवर चढवलेली स्प्रिंग. मागे मात्र पाच दांड्यांची मल्टिलिंक आहे, तिथे शॉकअप वेगळा आणि स्प्रिंग वेगळी, स्प्रिंग खालच्या दांडीवर बरीच आत, गाडीच्या मध्याकडे सरकवून ठेवलेली. डब्यावर कॉइलओव्हर लिहिलेलं असलं तरी मागे स्प्रिंग आणि शॉकअप सुटेच येतात.

आता घरातलं एखादं दार कडीपाशी एका बोटाने ढकलून बघा, मग बिजागरीपासून चार बोटं अंतरावर ढकला. दार तेच, पण बिजागरीजवळ दम लागतो. मागची स्प्रिंग ही अशी बिजागरीच्या बाजूला बसलेली आहे. समजा चाक १० मिमी वर गेलं तर स्प्रिंग ६ मिमीच दबते, याला मोशन रेशो ०.६ म्हणतात. चाक जेवढं हललं त्याच्या सहा दशांशच स्प्रिंग दबली, म्हणून जोर सहा दशांशच तयार झाला, हा एक तोटा. आणि तो जोर बिजागरीच्या जवळून चाकाला परत ढकलतोय, म्हणून त्यातलाही सहा दशांशच चाकापर्यंत पोचतो, हा दुसरा तोटा. दोनदा मार बसतो म्हणून ०.६ चा वर्ग, ०.३६. मला विचाराल तर अख्ख्या सस्पेन्शनच्या शास्त्रात या वर्गाइतकं गोड काही नाही, आणि विकणारे नेमका हाच लपवतात. लपवतात म्हणण्यापेक्षा त्यांनाच माहीत नसतो.

तर मागचे १२ गुणिले ०.३६ म्हणजे चाकापाशी ४.३ केजी. पुढे रेशो ०.९५ धरू, वर्ग ०.९०, म्हणजे ७ चे ६.३. बाराची स्प्रिंग सातापेक्षा मऊ निघाली की नाही?

पण मऊ की कडक हे नुसत्या चाकावरच्या केजीवरूनही ठरत नाही, वर वजन किती आहे त्यावर ठरतं. ट्रकची स्प्रिंग सायकलला लावली तर दगड, ट्रकला लावली तर स्प्रिंग. म्हणून इंजिनिअर लोक फ्रिक्वेन्सी बघतात, गाडी एका सेकंदात वरखाली किती झोके घेते ते. शाळेत स्प्रिंगला वजन टांगून झोके मोजले होते तेच गणित. सोपी युक्ती अशी की त्या कोपऱ्यावरचं वजन भागिले चाकापाशी येणारे केजी, म्हणजे उभ्या उभ्या गाडी त्या चाकावर किती मिमी दबलेली आहे ते निघतं, आणि १५.८ ला त्या मिमीच्या वर्गमुळाने भागलं की आली फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये.

भाच्याची गाडी दोन माणसांसकट १६०० किलो धरू. बीएमडब्ल्यूला पुढेमागे अर्ध्या-अर्ध्या वजनाचा भारी अभिमान, म्हणजे प्रत्येक चाकावर ४००, त्यातून चाक-ब्रेक वगैरे जे स्प्रिंगच्या खालीच असतं ते ४५ किलो वजा, राहिले ३५५. पुढे ३५५ भागिले ६.३ म्हणजे ५६ मिमी, फ्रिक्वेन्सी २.१. मागे ३५५ भागिले ४.३ म्हणजे ८२ मिमी, फ्रिक्वेन्सी १.७ च्या थोडी वर. साधी फॅमिली गाडी १ ते १.५ हर्ट्झला असते, स्पोर्टी गाडी दीड ते दोन, आणि दोनच्या वर रेसट्रॅकचा प्रदेश सुरू होतो. भाचा ट्रॅकवर जाणार नाहीये, तो हिंजवडीला जातो.

शिवाय मागची फ्रिक्वेन्सी पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवी, हा नियम मॉरिस ऑलीचा. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेला हा इंजिनिअर १९३० च्या दशकात तिथे गाड्यांवर वजनं इकडची तिकडे करून प्रयोग करायचा. कारण साधं आहे. उंचवटा आला की पुढचं चाक आधी चढतं, मागचं नंतर. एफ३० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २८१० मिमी, ताशी ६० ला मागचं चाक ०.१७ सेकंद उशिरा पोचतं. पुढचा झोका सुरू झालेला असतो, मागचा उशिरा सुरू होतो आणि गाडी होडीसारखी नाक वर-शेपूट खाली करायला लागते. मागचा झोका जरा जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो. पुढे १.५ आणि मागे १.७ असेल तर प्रत्येक झोक्यात ०.०८ सेकंद भरून निघतात, दोन झोक्यांत दोन्ही टोकं एका तालात. पुढे २.१ आणि मागे १.७ असेल तर अंतर उलट वाढत जातं. आई मागे बसून म्हणणार, बाबा रे, मला रिक्षाने सोड.

म्हणून पुढे ४ ची स्प्रिंग मागव म्हटलं. ४ गुणिले ०.९० म्हणजे ३.६, फ्रिक्वेन्सी १.६. मागे १.७. झालं.

इथे "गाडी डिझेल आहे त्याचा यात काय संबंध" असं कुणीतरी विचारेलच. संबंध वजनाचा. डिझेलला ठिणगी नसते, हवा दाबून दाबून तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचं, त्या दाबाला पुरून उरायचं तर क्रँक आणि ब्लॉक दणकट लागतात, वर टर्बो, इंटरकूलर, धूर गाळायचा फिल्टर. हे सगळं बहुतेक पुढच्या चाकांवर. म्हणून चांगल्या जर्मन कंपन्या एकाच मॉडेलच्या गाडीला पुढच्या ॲक्सलवरच्या भारानुसार वेगवेगळे सेट देतात, आणि पेट्रोलवाल्या मित्राचा सेट स्वस्तात मिळतोय म्हणून उचलला की नाक खाली बसतं. दुसरं म्हणजे टॉर्क, ३८०-४०० न्यूटन-मीटर, तेही पावणेदोन हजार आरपीएमलाच, त्यामुळे सिग्नलला पाय दिला की मागचा भाग बसतो. ते बसणं कमी करायला लोक मागची स्प्रिंग अजून कडक करायला निघतात. गरज नसते, शॉकअपने भागतं.

आता गाडी खाली करणं. लोक खरे यासाठीच कॉइलओव्हर घेतात, राईडबिईड सांगायला. इथे पुन्हा एक वर्ग आहे. खड्ड्यातून आलेली ऊर्जा स्प्रिंगला पचवायची असते आणि ती प्रवासाच्या वर्गाच्या प्रमाणात पचते. चाकाला वर जायला समजा ८० मिमी जागा होती आणि तुम्ही गाडी ४० ने खाली आणली तर जागा अर्धी, मग तोच दणका पचवायला स्प्रिंग चौपट कडक हवी. नसेल तर शेवटी रबराचा बंपस्टॉप दणका खातो आणि ते पाठीला कळतं. त्यात मॅकफर्सनची गंमत अशी की गाडी जास्त खाली आणली की खालची दांडी बाहेरच्या टोकाला वर उचलली जाते आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीपेक्षाही जास्त खाली जातो. म्हणजे गाडी बुटकी झाली पण वळणावर कलायला हात लांब मिळाला. दिसते रेसकार, झुलते होडी. एक महाशय मला माहीत आहेत, गाडी इतकी खाली की बंपरला बांधलेली लिंबू-मिरची रस्ता झाडत जाते. नजर लागत नसेलही, इंजिनाखालचा तेलाचा सम्प लागतो.

गतिरोधकाचं गणितही करून बघितलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ प्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर लांब, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा हवा. तसा असेल तर गाडी बरोबर माथ्यावर असताना चाकांच्या रेषेच्या वर माथा ५८ मिमीच येतो, खाली केलेली गाडीही निघून जाते. पण आपल्या सोसायटीसमोर रात्रीतून उगवतो तो आडवा सिमेंटचा सोट, दोन्ही चाकं त्याच्या अलीकडे-पलीकडे सपाट रस्त्यावर, आणि त्याची पूर्ण उंची पोटाखाली. त्यामुळे गाडी १५-२० मिमीपेक्षा जास्त खाली आणू नकोस, एवढंच मी भाच्याला सांगितलं.

शॉकअपबद्दल थोडक्यात, नाहीतर हा लेख संपायचा नाही. स्प्रिंग ऊर्जा साठवते, शॉकअप ती तेलातून ढकलून उष्णतेत घालवतो. स्प्रिंग दुप्पट कडक केली आणि शॉकअप जुनाच ठेवला तर दमन, म्हणजे झोका शांत करायची ताकद, जवळजवळ सत्तर टक्क्यांवर येतं, म्हणून नुसत्या लोअरिंग स्प्रिंग घातलेल्या गाड्या उडत्या चालतात. आणि लो-स्पीड, हाय-स्पीड डँपिंग असं जे लिहिलेलं असतं त्याचा गाडीच्या वेगाशी काही संबंध नाही हो, तो शॉकअपच्या दांड्याचा वेग. ताम्हिणीत ताशी ८० ला हळुवार वळणात तो लो-स्पीड असतो आणि पेठेतल्या खड्ड्यात ताशी २० ला हाय-स्पीड. तीस क्लिकच्या नॉबला भुलू नका, बऱ्याच स्वस्त सेटमध्ये एकच नॉब दबणं आणि उसळणं दोन्ही एकदम बदलतो, म्हणजे एक बरोबर केलं की दुसरं बिघडतं. केडब्ल्यू या जर्मन कंपनीची रांग त्या बाबतीत सरळ आहे, व्ही१ मध्ये फक्त उंची बदलते, व्ही२ मध्ये उसळणं, व्ही३ मध्ये दोन्ही वेगवेगळं. बिलश्टाइनचा बी१४ फक्त उंचीचा, आणि ज्याला स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरायची हौस नाही त्याने तोच घ्यावा असं माझं मत. केडब्ल्यूच्या नळ्या स्टेनलेसच्या असतात. कोकणात गाव असेल तर त्याचे पैसे वसूल, खाऱ्या हवेत साधे आटे दोन पावसाळ्यांत असे धरतात की पाना फिरतच नाही.

अजून एक राग काढतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे ते रबरी बफर, "शॉकअप वाचवा, ग्राउंड क्लिअरन्स वाढवा, मायलेज वाढवा". स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर आणि चालू वेटोळ्यांच्या संख्येवर ठरतो. तार १२ ची १३ मिमी केली तर स्प्रिंग ३८ टक्के कडक. सहा वेटोळ्यांतलं एक बफरने बंद पाडलं तर पाचच उरतात, स्प्रिंग २० टक्के कडक. बस, एवढंच होतं. म्हणजे तुम्ही पैसे देऊन एक वेटोळं बंद पाडून घेतलं, शॉकअपवरचा ताण उलट वाढला, आणि मायलेज कुठून वाढणार ते त्या विकणाऱ्यालाच विचारा.

कायद्याचंही बघून घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करू देत नाही, आणि विमा कंपनी असल्या वेळी कागद फार नीट वाचते.

फिटिंगचा माझा स्वतःचा अनुभव. मागच्या गाडीला सेट बसवून आणला आणि तीन महिन्यांत मागून कुरकुर. नाव नको, पण त्या गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना दांड्यांचे बोल्ट पूर्ण आवळले होते. दांड्यांच्या टोकाला रबराचे बुश असतात, रबर धातूला चिकटवलेलं, ते फिरत नाही, पिळवटतं. लोंबत्या अवस्थेत आवळलं की गाडी जमिनीवर टेकताच बुश कायमचा पिळलेला, रोज थोडा थोडा फाटतो. काढल्यावर बघितलं तर रबर भाकरीसारखं तडकलेलं. बोल्ट शेवटी आवळायचे ते चाकांवर वजन असताना, आणि मग अलाइनमेंट.

भाच्याला हे सगळं पाठवलं. त्याने दुकानात पुढे ४ ची स्प्रिंग मागितली तर उत्तर आलं, "सर, चार घेतली तर कॉइलओव्हर घेतल्याचा काय उपयोग?" मग पठ्ठ्याने फायफॉक्स नावाचं ॲप टाकलं, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं, फुकट आहे, फोनमधला ॲक्सिलरोमीटर त्यात दिसतो. फोन डिक्कीत ठेवून मागून गाडी दाबून सोडली, मग पुढे बॉनेटवर ठेवून. कंपनीच्या सस्पेन्शनवर पुढे १.३ आणि मागे १.४ च्या आसपास आलं. ऑलीसाहेब अजून नोकरीवर आहेत म्हणायचे.

रविवारी तो जॅक आणि फुटपट्टी घेऊन पार्किंगमध्ये बसला होता, अँटीरोल बारची (वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक सोडवून, मोशन रेशो मोजत. मी ०.६ अंदाजाने धरलं होतं ते त्याला पटलं नव्हतं. चाक ५० मिमी उचललं, स्प्रिंग २९ दबली. म्हणजे ०.५८. बाराचे झाले ४.०, फ्रिक्वेन्सी १.६९. हे सगळं मेसेजवर आलं, आणि मेसेजखाली त्याच्या आईने वरून मारलेल्या हाकेचं रेकॉर्डिंग, जेवायला येतोयस की नाही.