हाडातली तूट: शस्त्रक्रिया आणि पुनर्रचना

हाड मोडलं तर जुळतं, पण मधला तुकडाच गेला (अपघातात, संसर्गात नाहीतर गाठ काढताना) तर जुळायला टोकंच जवळ राहत नाहीत. या रिकाम्या जागेला हाडातली तूट म्हणतात. किती तूट आपोआप भरत नाही यावर एकमत नाही. साधारण १ ते २ सेंटिमीटरच्या वर लांबी आणि निम्म्याहून जास्त घेर गेलेला, असं धरतात, पण नुसत्या आकड्यावर जाऊन चालत नाही कारण नडगीवर पुढून मांसच नसतं, रक्तपुरवठा कमी, तिथे तेवढीच तूट मांडीच्या हाडापेक्षा जास्त छळते.

ही तूट दुसरीकडचं हाड बसवून भरतात, त्याला हाडाचं रोपण म्हणतात; पहिलं रोपण कोणाचं यावर बराच घोळ आहे. बहुतेक ठिकाणी डच सर्जन योब व्हान मेकेरनचं नाव आणि १६६८ साल दिलेलं असतं: एका रशियन सरदाराच्या कवटीतलं भोक कुत्र्याच्या कवटीच्या तुकड्याने बुजवलं, त्यावरून चर्चने त्याला वाळीत टाकलं, मग तो तुकडा काढून घ्या म्हणाला तर तो इतका पक्का बसला होता की निघेना. पण मेकेरनने हे ऑपरेशन केलेलं नाही, पाहिलेलंही नाही, ऐकलेलं लिहिलंय, आणि १६६८ हे त्याच्या मृत्यूनंतर पुस्तक छापलं गेलं ते साल, ऑपरेशनचं नव्हे. त्यामुळे भरवशाची पहिली नोंद म्हणून ग्लासगोच्या सर्जन विल्यम मॅक्यूएनकडे बघणं जास्त बरं वाटतं. एका लहान मुलाच्या दंडाचं हाड संसर्गाने गेलं होतं, तिथे त्याने मुडदूस झालेल्या मुलांच्या वाकड्या नडग्या सरळ करताना निघालेल्या पाचरी बसवल्या, आणि १८८१ मध्ये ते छापून आलं.

बसवलेलं हाड जगतं की मरतं, हा दुसरा वाद. फ्रान्समधला सर्जन ओलिए म्हणायचा की हाडावरच्या आवरणासकट लावलं तर जगतं, जर्मनीतल्या सर्जन बार्टचं म्हणणं ते मरतं आणि शेजारचं हाड हळूहळू त्याची जागा घेतं. दोघांचंही थोडं थोडं खरं निघालं, तरी घट्ट हाडाच्या (बाहेरच्या कडक थराच्या) बाबतीत बार्टचं पारडं जड आहे, पृष्ठभागावरच्या काही पेशी तगतात, बाकीचं सांगाड्यासारखं वापरलं जातं.

आता कुठलीही पद्धत घ्या, आधी मेलेलं हाड काढावंच लागतं. छिन्नीने तासत जायचं, कापलेल्या भागावर रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसेपर्यंत. हे अर्धवट राहिलं की पुढचं सगळं पुवात जातं.

लहान तुटीला कमरेच्या हाडाच्या कडेतून काढलेला मऊ चुरा अजूनही पहिली पसंती आहे, पण तो मोजकाच मिळतो आणि काढलेली जागा बरेच दिवस दुखते. मोठ्या तुटीसाठी फ्रेंच सर्जन मास्कलेची पद्धत आहे, त्यात आधी बोन सिमेंटचा (हाडाच्या शस्त्रक्रियेत वापरतात त्या प्लास्टिकसारख्या, घट्ट होणाऱ्या लगद्याचा) ठोकळा बसवतात, ६ ते ८ आठवड्यांत त्याच्याभोवती पातळ पडदा धरतो, मग पडदा चिरून ठोकळा काढायचा, हाडाचा चुरा भरायचा आणि पडदा परत शिवायचा. रशियातल्या कुर्गानच्या सर्जन इलिझारोव्हची वाट वेगळी, तुटीपासून लांब चांगलं हाड कापून तो तुकडा पायाबाहेरच्या, तारांनी हाडाला धरलेल्या रिंगांच्या चौकटीने रोज १ मिलिमीटर सरकवायचा, तोही एकदम नाही, पाव मिलिमीटर करून चार वेळा. मागे राहणाऱ्या फटीत नवीन हाड धरत जातं. ६ सेंटिमीटर सरकवायला ६० दिवस, पण ते नवीन हाड पक्कं होईपर्यंत चौकट त्याच्या कितीतरी पट जास्त दिवस पायावर ठेवावी लागते आणि तारा शिरतात तिथली कातडी सारखी चिघळते, पेशंटला आधी हे स्पष्ट सांगायलाच हवं.

पोटरीतलं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट उचलून दुसरीकडे जोडायचं तंत्र १९७५ पासून आहे. हे हाड जिवंतच जातं, पण पायात लावल्यावर सुरुवातीला बारीक असतं, वजन पडेल तसं जाड होतं, आणि तोवर मध्येच मोडायची भीती राहते.