जिंग युक बेंग

जिंग युक बेंग हा डुकराच्या खिम्याचा वाफवलेला कँटोनीज पदार्थ आहे. दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांत, हाँगकाँग आणि मकाव येथे तो रोजच्या जेवणातला आहे. मलेशिया, सिंगापूर आणि अमेरिकेतील कँटोनीज घरांतही तो होतो. मसाला लावलेला खिमा उथळ ताटलीत पातळ थापतात, वर खारा मासा किंवा खारवलेले अंडे ठेवतात आणि ताटली वाफेवर चढवतात. तीच ताटली मग मधोमध ठेवली जाते आणि घरातले सगळे तिच्यातून तुकडे तोडून आपापल्या वाटीतल्या भातावर घेतात. मेजवानीच्या पानावर त्याला फारशी जागा नसते. घर सोडून दूर गेलेल्यांना मात्र आईच्या किंवा आजीच्या हातचा म्हणून हाच पदार्थ फार आठवतो.

सगळी करामत खिम्यात आहे. मांस शक्यतो खांद्याचे घ्यावे आणि त्यात साधारण ३ भाग चरबी, ७ भाग मांस असावे. चरबी काढून टाकली तर वाफेवर खिमा कोरडा, चिवट होतो. तब्येतीच्या काळजीने ती कमी करण्यापेक्षा पदार्थ कमी वेळा केलेला बरा. जुन्या रीतीत मांस आधी चिरून मग दोन सत्तुरांनी कुटतात. यंत्रातून काढलेला खिमा एकसारखा निघतो, तर हाताने कुटलेल्यात लहानमोठे कण राहतात आणि मांस दाताखाली जाणवते. एवढ्यासाठी दहा-पंधरा मिनिटे कुटण्याचे श्रम नक्कीच घ्यावेत.

खिम्यात मीठ, सोया सॉस, किंचित साखर आणि पांढरी मिरी घालून तो एकाच दिशेने घोटतात. मिठामुळे स्नायूंतले मायोसिन हे प्रथिन सुटे होते आणि खिम्याला चिकटपणा येतो. मग चमच्या-चमच्याने पाणी घालून जिरवायचे. ४०० ग्रॅम खिम्यात तीन-चार मोठे चमचे पाणी सहज मुरते आणि वाफवल्यावरचा मऊपणा त्यातूनच येतो. कॉर्नफ्लोअर शेवटी आणि बेताने घालावे. काही घरांत खिम्याचा गोळा भांड्यात पुनःपुन्हा आपटून त्याला लवचिक करतात. हाँगकाँगच्या स्वयंपाकघरांत यावर एकमत नाही, पण भातात कालवून खायच्या पदार्थाला सैल, मऊ खिमाच शोभतो. कुरकुरीतपणासाठी वॉटर चेस्टनट बारीक चिरून घालतात. आपला शिंगाडा ही वेगळी वनस्पती आहे, तरी ताजा, कच्चा शिंगाडा त्या जागी चालून जातो.

वरच्या खाऱ्या जिनसेवरून प्रकार पडतात. खारवलेले बदकाचे अंडे वापरताना त्याचा पातळ, खारट पांढरा भाग खिम्यातच मिसळतात, म्हणून मीठ हात राखून घालावे लागते. घट्ट झालेला केशरी बलक चपटा करून वर बसवतात. मुई चोय ही खारवून वाळवलेली मोहरीवर्गातील भाजी असते. ती धुऊन, भिजवून, चिरून घालतात. वाळवलेला माकूळ किंवा शिताके अळिंबी घालण्याचीही पद्धत आहे.

पण सर्वांत जिव्हाळ्याचा प्रकार खाऱ्या माशाचा, म्हणजे हाम यूचा. त्यासाठी मानाचा मानला जाणारा मा याऊ हा मासा म्हणजे कोकण किनाऱ्यावरचा रावस. माशाचा बोटभर तुकडा आणि त्यावर आल्याच्या बारीक काड्या एवढे पुरते. वास उग्र, पण वाफेवर तो खिम्यात उतरून गोडसर होतो. लहान तुकड्यावर सगळ्या घराचा भात जावा, ही त्यामागची काटकसर आहे. या माशाला एक गंभीर बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये चिनी पद्धतीच्या खाऱ्या माशाला मानवी कर्करोगकारक ठरवले. नाकामागच्या घशाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध असून लहानपणापासून खाण्यात असल्यास धोका वाढतो. म्हणून लहान मुलांच्या घरी अंड्याचा किंवा मुई चोयचा प्रकार करावा.

वाफवण्याला कढई, तिवई आणि घट्ट झाकण पुरते. पाणी खळखळ उकळल्यावरच ताटली आत ठेवतात. खिमा बोटभर जाडीचा, मध्ये थोडा खोलगट थापला तर १२ ते १५ मिनिटांत सारखा शिजतो. आतले तापमान ७१ अंश सेल्सिअस झाले की तो खाण्यास सुरक्षित असतो. ताटलीत सुटलेला रस फेकू नये, तो भातावर घेण्यासाठीच असतो. भात शिजत असतानाच वर ताटली ठेवून एकाच आचेवर दोन्ही करण्याची जुनी रीत आहे, आणि राइस कुकरमध्येही ती चालू राहिली.

१९व्या शतकात पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशातून, विशेषतः सी यिप भागातून, हजारो लोक कॅलिफोर्निया आणि आग्नेय आशियात गेले आणि त्यांच्याबरोबर हे जेवणही गेले. मुंबईत माझगावला १९१९ मधले सी यिप मंदिर आहे, तेही याच भागातून आलेल्यांचे. हाँगकाँगमध्ये घराबाहेर हा पदार्थ चाखायचा तर मातीच्या भांड्यातल्या भाताच्या दुकानांत जावे. तिथे खिमा थेट शिजत्या भातावर पसरतात आणि तळाची खरपुडी सोया सॉससह वाढतात.