ट्रूक्रिप्ट बंद झालं, फाइली राहिल्या

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात जुना कॉम्प्युटर मोडीत काढताना कधी कधी अशी फाइल सापडते: आकार काही जीबी, एक्स्टेन्शन ‘टीसी’, आणि डबल क्लिक केलं तर काहीच उघडत नाही. आत जकार्डची डिझाइनं असतात, निर्यातीचे हिशेब असतात. ज्याने ती ठेवली तो केव्हाच नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो. ही फाइल ट्रूक्रिप्टची, म्हणजे माहिती पासवर्डने कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅमची.

ट्रूक्रिप्टची पहिली आवृत्ती फेब्रुवारी २००४ मध्ये आली. तिचा पाया म्हणजे पॉल ले रू यांचा ‘ई४एम’ हा जुना प्रोग्रॅम. पुढे ट्रूक्रिप्ट सांभाळणाऱ्यांनी मात्र स्वतःची नावं कधी उघड केली नाहीत. फुकट मिळायचं, पेनड्राइव्हवरून चालायचं, नंतर मॅक आणि लिनक्सवरही आलं. त्यामुळे जगभर पसरलं. सोर्स कोड कोणालाही वाचता यायचा. परवान्याच्या अटी मात्र इतक्या अडचणीच्या होत्या की डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांनी ते आपल्या यादीत घेतलंच नाही.

२०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारची इंटरनेटवरची पाळत उघडी पाडली आणि प्रश्न ऐरणीवर आला: निनावी माणसांच्या कोडवर विसंबायचं कशाच्या जोरावर? मॅथ्यू ग्रीन आणि केनेथ व्हाइट यांनी लोकवर्गणीतून ट्रूक्रिप्टच्या कोडचं ऑडिट, म्हणजे तपासणी, सुरू केलं. पहिला अहवाल एप्रिल २०१४ मध्ये आला. त्यात चोरवाट सापडली नाही.

आणि २८ मे २०१४ रोजी ट्रूक्रिप्टच्या पानावर लाल अक्षरांत इशारा झळकला: हे वापरणं सुरक्षित नाही, न सुधारलेले दोष असू शकतात. कारण दिलं विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपल्याचं, आणि सल्ला दिला बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्याच कुलपाचा. सोबतची ७.२ आवृत्ती जुनं फक्त उघडायची, नवं बनवायची नाही. बिटलॉकर तर विंडोजच्या होम आवृत्तीत पूर्णपणे मिळतच नाही. नवी पेठेतल्या ज्या छोट्या ऑफिसात होमच आहे, त्यांनी काय करायचं?

थांबायचा ट्रूक्रिप्टवाल्यांना पूर्ण हक्क होता. दहा वर्षं ते लोकांसाठी फुकट राबले. पण आधी चकार शब्द नाही, पुढे कोण सांभाळणार याचा पत्ता नाही, हे मला आजही पटत नाही. लोकांची कुलूपबंद माहिती ज्या कोडवर अवलंबून आहे, तो बंद करायला मुदत द्यावीच लागते.

एप्रिल २०१५ मध्ये ऑडिटचा दुसरा टप्पा संपला: काही दोष निघाले, मुद्दाम ठेवलेली चोरवाट नाही. त्याच वर्षी गूगलच्या जेम्स फोर्शॉ यांना ट्रूक्रिप्टच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये दोन गंभीर दोष सापडले. ट्रूक्रिप्टमध्ये ते दुरुस्त करायला कोणी उरलंच नव्हतं. दुरुस्ती झाली ती व्हेराक्रिप्टमध्ये. फ्रान्समधल्या मुनीर इद्रासी यांनी २०१३ मध्येच त्याच कोडवरून हा प्रकल्प सुरू केला होता. पासवर्डवरून किल्ली बनवताना ट्रूक्रिप्ट गणिताच्या फार तर २,००० फेऱ्या करायचं. व्हेराक्रिप्टने त्या काही लाखांवर नेल्या, म्हणजे पासवर्ड एकामागून एक लावून पाहणाऱ्याचं काम तितकंच महागलं.

२०२३ मध्ये आलेल्या १.२६ मालिकेत व्हेराक्रिप्टनेही ट्रूक्रिप्टच्या फाइली उघडणं बंद केलं, पण यावेळी वाट सांगून: त्यासाठी १.२५.९ ही जुनी आवृत्ती वापरा. पासवर्ड हाताशी असेल तर तिच्यात फाइल माउंट करताना, म्हणजे उघडताना, ‘ट्रूक्रिप्ट मोड’वर टिक करायची, आतलं सगळं नव्या व्हेराक्रिप्ट व्हॉल्यूममध्ये, म्हणजे नव्या कुलूपबंद फाइलीत, कॉपी करायचं, आणि तिथून दोन-चार फाइली उघडून पाहिल्याशिवाय जुनी पुसायची नाही.